आठ दिव्यांची साक्ष पुरत नाही

कुडव्यात, गोंदियात, आणि खरं तर अख्ख्या विदर्भात, नव्या घरात नेटची केबल टाकणाऱ्या माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, आठही लाइट लागले, आता काय पायजे?" तळहाताएवढा लॅन टेस्टर एका खोलीत, त्याचा जोडीदार डबा दुसऱ्या खोलीत, एक ते आठ हिरवे दिवे ओळीने पळतात आणि तेवढ्यावर बिल होतं. घरमालकही मान डोलावतो. बल्ब लागला म्हणजे फिटिंग झालं, हे तो लहानपणापासून बघत आलाय. मग नेटच्या तारेला वेगळा न्याय कशाला?

माझं भांडण याच वाक्याशी आहे. वाक्य खोटं नाही, दिवे खरंच लागतात. पण त्या दिव्यांना जे ठाऊकच नाही, त्याचीही ग्वाही आपण त्यांच्याकडून घेतो. गोंदियाच्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. इथल्या खरेदी केंद्रावर पोत्याचं तोंड नीट शिवलंय एवढं बघून कोणी धान घेत नाही. ओलावा मोजतात आणि १७ टक्क्यांच्या वर गेला की पोती परत फिरतात. केबलच्या बाबतीत मात्र आपण शिवण बघतो आणि ओलावा विचारतच नाही.

आधी टेस्टरला त्याचं श्रेय देऊ. दोन-तीनशे रुपयांचा तो डबा बॅटरीवर चालतो आणि आठ तारांपैकी एकेकीत आळीपाळीने वीज सोडतो. पलीकडे त्याच नंबरचा दिवा लागला तर तार तुटलेली नाही आणि नंबराला नंबर जुळलाय, एवढं कळतं. दिवा लागला नाही तर तार तुटलीय किंवा पिन दबली नाही. दिव्यांची ओळ उलटसुलट पळाली तर तारा अदलाबदल झाल्यात. हे काम तो चोख करतो आणि प्रत्येक फिटरच्या पिशवीत तो असलाच पाहिजे. पण कुठली तार कुठल्या तारेशी पिळलेली आहे, तार तांब्याची आहे की वरून तांब्याचा मुलामा दिलेली, पिन घट्ट बसलीय की नुसती टेकलीय, यातलं काही त्याला कळत नाही. हिरव्या दिव्यापुरती वीज तर गंजलेल्या खिळ्यातूनही जाईल.

आता त्या वाक्याचा सख्खा भाऊ बघा: "रंग कसेबी लावा, दोन्हीकडे सारखे असले की झालं." सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो, कारण तो ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो.

केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात, त्या शोभेसाठी नव्हे. दोन तारा एकमेकींभोवती पिळून बोलणं नेण्याची युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटातली. एका तारेत जो सिग्नल, त्याच्या बरोबर उलटा तिच्या जोडीदारणीत. वाटेत पंख्याच्या, मोटरीच्या किंवा शेजारच्या तारेच्या गोंगाटाने दोघींनाही सारखाच धक्का दिला, तर पलीकडचं यंत्र दोघींतला फरक घेतं आणि धक्का वजा होतो. पण यासाठी त्या दोघी एकाच पिळातल्या हव्यात. सगळी मेख इथे आहे.

प्लगमध्ये चार जोड्यांच्या जागा ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५ आणि ७-८. तिसऱ्या पिनचा जोडीदार सहावा, हे विचित्र दिसतं. टेलिफोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन मधोमध आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना असायची, तोच वारसा इथे आला. म्हणून आपल्याकडे चालणारी टी५६८बी ही पद्धत अशी लागते: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी फोडून निळी मध्ये बसवलेली. नवख्या माणसाला ही चूकच वाटते.

आणि नवखा माणूस ती "दुरुस्त" करतो. केशरीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची, सगळं कसं ओळीत. पारदर्शक प्लग उजेडात धरून बघा, असं लावलेलं टोक इतकं नीटनेटकं दिसतं की लावणाऱ्याला शाबासकी द्यावीशी वाटेल. टेस्टर लावा, आठही दिवे एकापाठोपाठ एक. पण तिसऱ्या पिनवर आलाय पांढरा-हिरवा आणि सहाव्यावर निळा. यंत्राच्या लेखी ही जोडी, केबलच्या आत मात्र दोघी वेगवेगळ्या पिळात. चौथ्या-पाचव्याची तीच गत, तिथे हिरवा आणि पांढरा-निळा. एकीचं बोलणं दुसरीच्या कानात पडतं आणि बाहेरचा धक्काही वजा होत नाही. फिटिंगवाले याला 'स्प्लिट पेअर' म्हणतात, आणि साध्या टेस्टरला हा दोष दिसणं शक्यच नाही, कारण तो एका वेळी एकच तार विचारतो.

परिणाम लगेच दिसला असता तर बरं झालं असतं. तीन-चार मीटरच्या तुकड्यावर बहुतेक वेळा काही जाणवतच नाही. तळमजल्यावरच्या राउटरपासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत पंचवीस-तीस मीटर ओढलेल्या तारेवर मात्र रडगाणं सुरू होतं. कधी जोडणी गिगाबिटवरून १०० एमबीपीएसवर घसरते, कधी आकडा गिगाबिटच दाखवते पण व्हिडिओ कॉल अडखळतो, कधी दुपारी ठीक आणि पाण्याची मोटर सुरू झाली की बंद. मग नेट कंपनीला शिव्या. मोडेम बदला, प्लॅन वाढवा, तक्रार नंबर घ्या. शेवटी फिटरला परत बोलावलं की तो खिशातून तोच डबा काढतो. आठ दिवे. "केबल ओके आहे भाऊ, लाइनमध्येच प्रॉब्लेम आहे." अशा तक्रारीत कंपनीचा माणूस आणि फिटर दोघंही प्रामाणिकपणे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि घरमालक दोघांनाही पैसे देतो.

दोन्हीकडे सारखं असलं पाहिजे, हे फिटरचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. टी५६८ए नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात केशरी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल असते, तीही तितकीच चालते. मान्य पद्धती दोनच. तिसरी, 'आमची पद्धत', नाही. आणि हे तपासायला एक पैसाही लागत नाही. प्लग डोळ्यांसमोर धरायचा, तिसरी आणि सहावी तार एकाच रंगाच्या कुळातली आहे का बघायचं. निळा मधोमध असला पाहिजे. ही चूक स्वतः पकडणारे टेस्टरही मिळतात, पण त्यांची किंमत हजारांत जाते आणि पॉइंटमागे मोजून पैसे मिळणारा फिटर ते सहसा घेत नाही.

आता धातूकडे येऊ. "तांबं काय नि अ‍ॅल्युमिनियम काय, नेट चाललं म्हंजे झालं ना." बाजारात ३०५ मीटरचा जो स्वस्त डबा मिळतो, त्यात बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. दुकानदार त्याला सीसीए म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. कॅट-५ई, कॅट-६ या नावांमागचं मानक तांब्याचीच तार मानतं. त्यामुळे सीसीएच्या वेष्टनावर कॅट-६ छापलेलं असलं तरी ती कॅट-६ नव्हे. ब्लेडने तार उभी खरवडली की आत पांढरं दिसतं. दोन-चारदा वाकवली तर तांब्याआधी तुटते. डबा उचलतानाच हलका लागतो.

पण खरवडून दाखवलं तरी फिटर म्हणेल, "तसंच येतं आजकाल." म्हणून आकडा हवा. हा आकडा देणारं हत्यार इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत आधीपासून असतं, त्याला मल्टिमीटर म्हणतात. मानकाप्रमाणे १०० मीटर तारेचा रोध ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये. आता घरात टाकलेली एक केबल घ्या. तिच्या वेष्टनावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी हातात आली, समजा २० मीटर. पलीकडच्या टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा, अलीकडे मल्टिमीटर लावा. वीज २० मीटर जाते आणि २० मीटर येते, म्हणजे ४० मीटर तार. रोध पावणेचार ओहमच्या आत हवा. चांगल्या २४ गेज तांब्याला तो साधारण ३.४ येतो. मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनियमला पाचच्या वर जातो. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करायला विसरायचं नाही, स्वस्त मीटरमध्ये तो अर्धा ओहमही निघतो.

यावर एक हुशार शंका येते आणि ती रास्त आहे. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि मानकातला आकडा २० अंशांचा आहे. तापमान वाढलं की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. म्हणजे पंचवीस अंशांनी दहा टक्के, ३.४ चे ३.७ होतील. अ‍ॅल्युमिनियमचे पाच काही उन्हाने होत नाहीत. ऊन कितीही तापलं तरी दीडपट फरक त्यात लपत नाही.

याच मापात आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि मला ती धातूपेक्षाही मोलाची वाटते. चारही जोड्या मोजा. पिळाच्या घट्टपणात थोडा फरक असतो, म्हणून आकडे अगदी सारखे येणार नाहीत, पण जवळपास असतील. तीन जोड्या ३.४ आणि चौथी ६ आली, तर कुठेतरी पिन नीट दबलेली नाही किंवा भिंतीत जोड मारलाय. टेस्टरचे आठ दिवे अशा जोडावरही हिरवेच लागतात.

अ‍ॅल्युमिनियमची खरी शिक्षा घरापेक्षा राईस मिलमध्ये बघायला मिळते. गोंदियाच्या आसपासच्या मिलमध्ये कॅमेरे लांब असतात, गेटवर, काट्यावर, गोदामाच्या टोकाला. स्वस्तात काम करायचं म्हणून १२ व्होल्टची वीज त्याच लॅन केबलच्या मोकळ्या चार तारांतून पाठवतात, दोन जायला, दोन यायला. ६० मीटरचं अंतर धरा. तांब्याच्या तारांतून जाण्या-येण्याचा रोध पाच ओहम. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर खातो, एक व्होल्ट पडतो, चालून जातं. अंधार झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो अर्धा अँपिअर मागतो, आणि तांब्यातसुद्धा अडीच व्होल्ट वाटेत पडतात. साडेनऊवर तो कसाबसा तग धरतो. तीच केबल मुलाम्याची असेल तर चार व्होल्ट जातात आणि कॅमेऱ्याला आठच मिळतात. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझल्यामुळे भार उतरतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा दिवे लावतो, पुन्हा पडतो. दिवसभर झकास आणि रात्री आंधळा! मालक म्हणतो कॅमेरा चायनाचा आहे. फिटर म्हणतो अडॅप्टर बदलू. टेस्टर लावला तर आठ दिवे.

गेटचं निघालंच आहे म्हणून सांगतो: घरापासून दूरच्या गेटवर किंवा अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊच नये. आपल्या भागात पावसाळ्याच्या तोंडावर विजा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या झाडावर पडलेल्या विजेनेही अशा तारेत एवढा दाब चढतो की दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात. तिथे फायबर. काचेतून वीज वाहत नाही, विषय संपला. आणि "पाइप मोकळा आहे, लाइटच्या वायरीसोबतच ओढून घेतो" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. त्यात गोंगाटाचा प्रश्न आहेच, पण २३० व्होल्टची वायर कधी सोलली गेली तर ती नेटच्या तारेतून थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचेल.

हत्यारांबद्दल एक तक्रार माझी स्वतःची. भिंतीतल्या केबलच्या टोकाला प्लग का ठोकतात? भिंतीतली तार एकसंध आणि ताठ असते, वारंवार हलवायची नसते. तिचं टोक भिंतीवरच्या आयओ बॉक्समध्ये पंचिंग टूलने बसवायचं आणि तिथून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड लावायची. टेलिफोनच्या लाइनमननी वर्षानुवर्षं क्रोन टूलने हेच केलं: एक दाब, तार खाचेत बसली, उरलेलं टोक त्याच दाबात कापलं गेलं. आता मात्र पंचिंग टूल नाही म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने तार खाचेत कोंबतात. खाचेचे दोन पातळ ओठ एकदा फाकले की परत तारेला पकडत नाहीत. पीळ किती सोडायचा यालाही मर्यादा आहे, १३ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. आपल्याकडे दोन-दोन इंच सोडतात, कारण रंग लावायला सोपं जातं.

आता दुसऱ्या टोकाचे पंडित. त्यांचं म्हणणं, लाखांचा सर्टिफायर लावून जोड्यांमधली कुजबुज, परतणारा सिग्नल, सगळं आलेखावर काढल्याशिवाय त्याला चाचणी म्हणूच नका. मोठ्या इस्पितळात किंवा डेटा सेंटरमध्ये ते बरोबर आहे. तिथे शेकडो पॉइंट असतात आणि केबल कंपनीची दीर्घ मुदतीची हमी त्याच अहवालावर उभी असते. कुडव्यातल्या आठ पॉइंटच्या घराला हा सल्ला देणं म्हणजे काहीच सल्ला न देणं. उलट त्याने फिटरची सोयच होते. खरी चाचणी परवडत नाही ना, मग आपले आठ दिवेच बरे.

या दोघांच्या मध्ये भरपूर जागा आहे. गिगाबिट पोर्टचे दोन लॅपटॉप घ्या, केबलच्या दोन टोकांना लावा, आयपर्फ३ हा फुकटचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा. निरोगी केबल ९४० एमबीपीएसच्या आसपास देते आणि तिथेच ठाम राहते. ९४ च्या आसपास अडकली तर जोडणी १०० वर घसरलीय. आकडा वरखाली नाचत असेल तर तार चुका करतेय आणि यंत्रं तेच तेच पुन्हा पाठवताहेत. फिटरवर अन्याय होऊ नये म्हणून आधी एवढं बघा की लॅपटॉपचे पोर्ट खरंच गिगाबिटचे आहेत. राउटरला लावून बघणार असाल तर त्याचंही बघा. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० चेच असतात आणि तिथे सोन्याची तार लावली तरी ९४ च येतील.

"आमचा प्लॅनच शंभरचा आहे, गिगाबिट घेऊन काय चाटायचं?" हा प्रश्न राहिला. तांब्याच्या चार जोड्यांवरून गिगाबिट नेण्याचं मानक १९९९ मध्ये मंजूर झालं, गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी. एवढ्या काळात नेटचा प्लॅन किती वेळा बदलला ते ज्याने त्याने आठवावं. भिंतीतली तार मात्र एकदाच टाकली जाते. "वायफाय असताना तारच कशाला" म्हणणाऱ्यांना एवढंच: स्लॅब ओलांडून वर सिग्नल पोचवायला वरच्या मजल्यावर जो दुसरा वायफायचा डबा बसवाल, त्याला चांगली जोडणी केबलनेच मिळते.

फिटरला दोष देताना घरमालकाला सोडून चालणार नाही. टाइल्स निवडायला नागपूरपर्यंत जाणारा, पीओपीच्या नक्षीवर हौसेने खर्च करणारा माणूस केबलच्या पॉइंटमागे पन्नास रुपयांची घासाघीस करतो आणि डबा स्वतः आणून देतो, तोही सगळ्यात स्वस्त. मग फिटरने पंचिंग टूल आणि मल्टिमीटर कशाच्या जोरावर काढायचं?

म्हणून व्यवहार असा ठरवावा. केबल पाइपात ओढून झाली की, गिलावा आणि रंगाच्या आधी, वहीचं एक पान करा. प्रत्येक पॉइंटचा नंबर, वेष्टनावरून काढलेली लांबी, चारही जोड्यांचे ओहम, तिसरी-सहावी तार एकाच जोडीची असल्याची खूण. आयओ बॉक्स बसले की शेवटच्या रकान्यात आयपर्फचा आकडा. आठ पॉइंटच्या घराला यात दुपारचा अर्धा वेळ जाईल. त्या वेळेचे पैसे फिटरने वेगळे मागावेत आणि मालकाने घासाघीस न करता द्यावेत. शेवटचा हप्ता पान भरल्यावर. मीटरवरचा आकडा फिटरने वाचायचा, वहीत मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि पानाची एक प्रत मीटरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची, पुढच्या फिटरसाठी.